पंपिंग साठ टक्के, तरी दम का लागतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मधुमेहाचा हृदयाच्या स्नायूवर काय परिणाम होतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुम्ही लिहिलंय: ‘वडिलांना अठरा वर्षं डायबेटिस आहे. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही, एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 60 टक्के, म्हणजे नॉर्मल. हल्ली फिरायला जायचा कंटाळा करतात, बाकी ठणठणीत. डायबेटिसवाल्यांचं हृदय ताठर होतं, हे नवीन खूळ काढून लोकांना घाबरवू नका. साखर आटोक्यात असली की विषय संपला.’

आधी माझी चूक. ‘डायबेटिसवाल्यांचं हृदय ताठर होतं’ हे मी सरसकट लिहिलं होतं. सगळ्यांचं होत नाही. ते वाक्य बदललंय. बाकी मुद्दे मात्र मागे घेणार नाही.

हे खूळ नवीन नाही. 1972 साली रुबलर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांबद्दल लिहिलं. चौघांनाही हार्ट फेल्युअर होतं, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरं पडत नव्हतं. पण त्याचा दोष द्यावा असा करोनरी आजार, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे, शवविच्छेदनात सापडला नाही. 1974 मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या दीर्घकालीन पाहणीतून दिसलं, की मधुमेह असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत पाचपट आहे. बऱ्याच जणांना जोडीला बीपी, वजन, किडनीचा त्रास असतोच. त्यामुळे ‘निव्वळ मधुमेहामुळे’ किती, यावर डॉक्टरांत वाद आहे. तो वाद खरा आहे, पण त्याने दम लागायचा थांबत नाही.

अँजिओग्राफी रक्तवाहिन्या दाखवते, स्नायू नाही. पंपिंगचा आकडा सांगतो, की डावा खालचा कप्पा आवळताना आतलं किती रक्त बाहेर टाकतो. मधुमेहात बिघाड बहुतेकदा सुरू होतो तो सैल होण्यात. सैल व्हायलाही ताकद लागते: आवळण्यासाठी सुटलेलं कॅल्शियम पेशीला पुन्हा कोठारात ओढून न्यावं लागतं. मधुमेहात हृदयाला ग्लुकोज नीट वापरता येत नाही. ते चरबीवर जास्त चालतं, तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त खातं आणि थोडी चरबी पेशीतच साठून राहते. वर जास्तीची साखर स्नायूतल्या कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत जखडून टाकते. कप्पा ताठरतो, भरायला जास्त दाब लागतो, आणि तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत जातो. दम तिथून येतो, पंपिंग 60 असतानाच.

तुमच्या प्रतिक्रियेत ‘कंटाळा’ हा शब्द वाचला आणि मी थांबलो. माझी आईही कंटाळा येतो असंच म्हणायची. जिन्यात मधल्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. किल्ली रोज वरच्याच कप्प्यात असायची. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, मग ती खुर्चीत बसून झोपायला लागली. एकोच्या रिपोर्टवर 62 टक्के बघून आम्ही तो कागद फाइलला लावला. खाली ‘ग्रेड 2 डायास्टोलिक डिसफंक्शन, डावा वरचा कप्पा मोठा’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे हृदय नीट सैल होत नाही, तोच बिघाड. ‘वयोमानानुसार’ एवढंच आम्हाला सांगण्यात आलं, आणि आम्हीही पुढे विचारलं नाही. आठ महिन्यांनी मध्यरात्री फुप्फुसात पाणी भरलं, तेव्हा मी ती ओळ पहिल्यांदा वाचली.

साखरेबद्दल. ती आटोक्यात हवीच, पण कोणत्या औषधाने हेही महत्त्वाचं आहे. 2013 च्या एका मोठ्या चाचणीत सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांना हार्ट फेल्युअरसाठी दाखल करावं लागण्याचं प्रमाण 27 टक्क्यांनी वाढलं. 2015 च्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने ते 35 टक्क्यांनी घटलं. पायोग्लिटाझोनने अंगात पाणी धरतं. अर्थात हे वाचून कुठलीही गोळी स्वतःहून बदलू नका. वडिलांच्या डॉक्टरांना विचारा.

वडिलांची एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करावी का, हेही डॉक्टरांना विचारा. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक ती मोजते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2022 पासून मधुमेहींसाठी ही किंवा तिच्यासारखीच बीएनपी तपासणी वर्षातून एकदा सुचवली आहे, त्रास नसला तरी.

आणि आज एवढं करा. वडिलांचा एकोचा कागद काढून पंपिंगच्या आकड्याखाली काय लिहिलंय ते वाचा. संध्याकाळी त्यांच्याबरोबर चालायला जा आणि ते कुठे थांबतात, थांबून काय करतात, ते बघा. रात्री उशा किती घेतात, मोज्यांचा वळ पायावर किती खोल उमटतो, तेही बघा. यातलं काही आढळलं तर याच आठवड्यात दाखवून घ्या, आणि जमलं तर मला इथेच कळवा.