शेड हलकं असतं म्हणून पाया नको, हे साफ चूक आहे

महिन्याभरात चार ग्रुपवर एकच मेसेज आला. अंगणातल्या पत्र्याच्या शेडला सिमेंटचा पाया म्हणजे पैसे वाया, जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप दोन फूट गाडा, माती-दगड ठोका, वर पत्रा टाका, एका दिवसात काम आणि जन्मभर बघायला नको. भाऊ, ज्याने हे लिहिलं त्याने आपली काळी माती पाहिलेली नाही आणि मे महिन्यातलं वादळ पण नाही. मी जळगाव-चोपडा पट्ट्यात फॅब्रिकेशनचं काम करतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

म्हणे पत्रा हलका, पाया कशाला. अरे शेड खाली दबत नाही, वर उचललं जातं! दहा बाय पंधरा फुटांच्या शेडचे सगळे पत्रे मिळून 60-70 किलो भरतात, आणि ताशी 100 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 47 किलोचा जोर लावतो, म्हणजे एवढ्या शेडवर साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यात एका बाजूला घराची भिंत असली की वारा तिथे अडतो आणि पत्रा खालून ढकलतो. रावेर-यावलकडे केळीचे बागच्या बाग झोपवतो तो हाच वारा. दीड बाय दीड, तीन फूट खोल काँक्रीटचा एक ठोकळा साडेचारशे किलोचा होतो, तसे चार पोलखाली चार, आता तुम्हीच हिशोब करा.

माती ठोकून पाईप घट्ट बसतो म्हणे. मुरमाड जागेत काही दिवस बसेल पण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, दोन-तीन वर्षांत पाईपभोवती बोट जाईल एवढी फट होते आणि हाताने हलवला तरी पोल डुलतो. मागच्या वर्षी एका काकांचा फोन आला, “पत्रा उडी गयात भाऊ!” जाऊन बघितलं तर दोन पोल मुळासकट उपटलेले, खड्ड्यात काँक्रीटचा खडासुद्धा नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, आणि काळी माती फारच खोल असेल तर इंजिनिअरला विचारून घ्या, लाजू नका.

जीआय आहे, गंजत नाही? त्या काकांचाच पाईप वर चकचकीत होता, आणि मातीलगत चार बोटं पट्टा इतका खाल्लेला की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पाईप मातीत घालायचाच नाही. काँक्रीट जमिनीच्या सहा इंच वर आणा, वरून उतार द्या म्हणजे पाणी थांबत नाही, त्यावर बेसप्लेट (पोलच्या तळाला जोडलेली लोखंडी प्लेट) आणि ती धरायला काँक्रीटमध्ये बसवलेले फाउंडेशन बोल्ट. वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो, गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक जोड घासून झिंक प्रायमर मारलाच पाहिजे. स्क्रूचा रबर वॉशर पण चेपेपर्यंत आवळू नका, गळती तिथूनच होते.

एका दिवसात काम, हे तर विसराच. कोरड्या उन्हात काँक्रीटला निदान 10 दिवस पाणी मारावं लागतं, गोणपाट ओलं ठेवा.

आणि खड्डे एप्रिल-मेमध्ये घ्या, तेव्हा भेगा उघड्या असतात, काठी घालून बघा किती खोल जाते, पायाचा तळ त्याच्या खाली गेला पाहिजे.