‘अगदी माझंच वर्णन’ हा पुरावा नव्हे

राशी, हस्ताक्षर किंवा चार प्रश्नांवरून स्वभाव सांगणाऱ्या पोस्टसोबत एक दावा हमखास फिरतो : ‘वाचून बघा, तंतोतंत तुमचंच वर्णन आहे. अनोळखी माणसाला हे कसं कळलं? म्हणजे यात तथ्य आहेच.’ लोक हे मनापासून पुढे पाठवतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

‘तंतोतंत जुळतं.’ जुळतं, वादच नाही. पण आणखी किती जणांना जुळतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या नावाचा निष्कर्ष दिला. तो किती अचूक वाटतो, याला ० ते ५ पैकी गुण द्यायचे होते. ३९ विद्यार्थ्यांची सरासरी आली ४.२६. सगळ्यांच्या हातात मजकूर मात्र एकच होता, आणि तोही बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला!

‘इतकं आतलं कुणाला ठाऊक असणार?’ त्या मजकुरातलं एक वाक्य असं : बाहेरून तुम्ही शिस्तीचे, संयमी दिसता, आतून मात्र काळजी आणि असुरक्षितपणा सतावतो. आपल्याला घालमेल दिसते ती फक्त स्वतःची, इतरांचा दिसतो तो चेहरा. त्यामुळे बहुतेकांना लागू पडणारं हे वाक्य प्रत्येकाला आपलं गुपित वाटतं. दुसरं वाक्य : कधी तुम्ही मनमोकळे, मिळूनमिसळून वागणारे असता, तर कधी अबोल. दोन्ही टोकं आली, आता चुकायला जागाच कुठे? त्यातून ‘कधी’ वाचलं की मन लगेच आठवणी धुंडाळतं आणि प्रसंग सापडतोच. न जुळणारी ओळ तेवढ्यात नजरेआड होते. मला कळीचा मुद्दा हाच वाटतो : वर्णन मोघमच असतं, नेमकेपणा त्यात वाचणारा भरतो.

‘पण दोषही सांगतात की!’ कोणते? स्वतःला फार दोष देता, हा फोरर यांच्या यादीतला दोष. तो कुणीही खुशीने कबूल करेल. ‘तुम्ही कृतघ्न आहात’ असं कुठे वाचलंय?

‘शिकलेसवरलेले फसत नाहीत.’ मानसशास्त्रज्ञ रॉस स्टॅगनर यांनी हाच प्रयोग ६८ मनुष्यबळ अधिकाऱ्यांवर केला. माणसं पारखणं हेच ज्यांचं काम, त्यांच्यापैकी निम्म्यांनी तोच तो मजकूर थक्क करण्याइतका अचूक ठरवला.

‘गंमत म्हणून वाचलं तर बिघडलं काय?’ काहीच नाही. पण अशा जुळण्यावर भरवसा ठेवून कुणाची नोकरी किंवा लग्न ठरवायला निघालात, तर नुकसान त्या माणसाचं होतं. निदान पुढे पाठवण्याआधी एवढं करा : बारा राशींची वर्णनं घ्या, राशींची नावं खोडा, क्रम बदला आणि ती आधी न वाचलेल्या मित्रमंडळींना आपापलं वर्णन ओळखायला सांगा.