मोर्चाच्या वाटेला जाऊ नका

बारावीनंतर कायदा आणि सार्वजनिक धोरण शिकण्याचा निश्चय तुम्ही केला असेल, आणि तेही नागपुरात राहून, तर तुमच्यापुढे एक गंभीर अडचण आहे. ज्या विषयावर पाच वर्षे स्लाइड पाहायच्या, तो विषय या शहरात रस्त्यावरच भेटतो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विधान भवन आणि जिल्हा न्यायालय ही तिन्ही सिव्हिल लाइन्समध्येच असल्यामुळे थोडा निष्काळजीपणा झाला तरी विद्यार्थी पायी तिथे जाऊन पोहोचण्याचा संभव असतो. तेव्हा पहिल्या वर्षापासूनच जपून राहावे.

सर्वांत धोक्याचा महिना डिसेंबर. विधिमंडळाचे वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात भरावे असे १९५३च्या नागपूर करारात लिहून ठेवणाऱ्यांनी तुमच्या सत्र परीक्षांचा विचार केलेला दिसत नाही. त्या दिवसांत अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कंत्राटी कर्मचारी असे सगळे यशवंत स्टेडियमपाशी जमतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटसारख्या ठिकाणी पोलीस त्यांचे मोर्चे अडवतात. तुम्ही त्या बाजूने गेलात, तर एखादी सेविका हातातला शासन निर्णय तुमच्यापुढे धरून म्हणेल, “बाबू, तू कायद्याचं शिकून राहिला न? मंग यात आमचं मानधन कुठी लिहिलं हाय, दाखव बरं.” तुम्ही सादरीकरणात ज्यांना ‘लाभार्थी घटक’ म्हणता, त्यांनी असे थेट प्रश्न विचारायचे नसतात, पण त्यांना हे कोणी शिकवलेले नाही. तुम्ही आपले तर्री पोहे खाऊन ग्रंथालयात परतावे, हे उत्तम.

झिरो माइलजवळचे गोवारी स्मारक तर कटाक्षाने टाळावे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली आणि त्यांत बायका-मुलेच अधिक होती, एवढे तुम्हाला फोनवरही वाचता येईल. पण स्मारकासमोर उभे राहिल्यावर माणूस पुढचे विचारू लागतो, आणि तिथे खरा कायदा सुरू होतो. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. त्या दोन शब्दांनी नेमके कोण ओळखले जाते, यावर सगळे भांडण. गोंड गोवारी नावाची वेगळी जमात १९११पूर्वीच नामशेष झाली होती, त्यामुळे ही नोंद गोवारींचीच मानली पाहिजे, असा निकाल नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८मध्ये दिला. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. यादीत कोणाला घालायचे आणि कोणाला वगळायचे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२नुसार संसदेने ठरवायचे, न्यायालयाने नव्हे, असे त्याचे सार. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांच्या त्या राहिल्या, पुढचे लाभ मात्र थांबले. आता विचार करा, यादीतल्या दोन शब्दांपायी जनगणनेचे जुने अहवाल, दोन निकाल आणि एक अनुच्छेद वाचावा लागणार असेल, तर ‘वंचितांचा आवाज’ या विषयावरचे तुमचे चार पानी टिपण केव्हा लिहून व्हायचे?

कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलनेही तुमच्या वाटेत काटे पेरलेले आहेत. २००८च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले न्यायालयात बसून पाहावे लागतात, आणि त्यांच्या नोंदींना ३० गुण असतात. घाबरू नका. मागच्या तुकडीतील कोणाचीही डायरी मिळवा आणि पक्षकारांची नावे बदला. मीही एकदा अशीच डायरी उतरवली होती, आणि माझ्या वहीतल्या साक्षीदाराची उलटतपासणी त्याच्या सरतपासणीच्या, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या वकिलाने आधी घ्यायच्या जबानीच्या, दोन दिवस आधी झाली होती. तपासणाऱ्यांनी ३० पैकी २६ गुण दिले. त्यावरून त्यांनीही डायरी वाचण्याचा धोका पत्करला नसावा, हे तुमच्या ध्यानात येईल.

राहिली ॲडव्होकसी. हिला वकिली समजण्याची चूक करू नका, कारण वकिलाला निदान एक पक्षकार असावा लागतो, आणि तो पक्षकार फी देण्याआधी तारीख विचारतो. ॲडव्होकसीत लोकांच्या वतीने बोलायचे असते आणि लोकांनी तुम्हाला नेमलेले नसते, त्यामुळे जाब देण्याची पंचाईत उरत नाही. विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्र सरकारचे २०१४पासूनचे धोरण आहे. ते परीक्षेपुरते पाठ असले की पुरे. डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात मांडलेले विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि समितीने लोकांकडून हरकती व सूचना मागवल्या, तेव्हा माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी ‘लोकसहभागातून कायदानिर्मिती’ या विषयावर निबंध लिहीत होता. निबंध त्याने वेळेत दिला. हरकत पाठवायची मुदत संपल्याचे त्याला निबंधाच्या तळटिपा तपासताना कळले.

एवढे करूनही एखाद्या रात्री सार्वजनिक हिताची ऊर्मी आलीच आणि वसतिगृहासमोरच्या खोदून ठेवलेल्या रस्त्याविषयी माहितीच्या अधिकारात अर्ज करावासा वाटला, तर आधी महाराष्ट्राचे नियम पाहा. अर्जाला १० रुपये लागतात, विषय एकच ठेवावा लागतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. परदेशी शिष्यवृत्तीसाठी तुम्ही लिहिलेल्या उद्दिष्टपत्रात पहिले १५० शब्द बालपणीच्या संवेदनशीलतेवरच खर्ची पडले आहेत. रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मुदत आणि ठेकेदाराला दिलेली रक्कम एवढेच नेमके मागायचे म्हटले, तर उरलेल्या शब्दांचे करायचे काय, हा प्रश्न तुम्हाला पडेल. शिवाय उत्तर ३० दिवसांत आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे लागते, आणि त्याच आठवड्यात तुमची मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्याची, स्पर्धा असते.