लेकीसाठी विद्यापीठ निवडणाऱ्या पालकांस काही नम्र सूचना

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला, मुलीला बरे पर्सेंटाइल मिळाले, की पालकांपुढे साधारणपणे दोन वाटा उभ्या राहतात. एक वाट तालुक्याच्या स्टँडवरून एसटीत बसून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या अनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते आणि संध्याकाळी परत घरी येते. दुसरी वाट पुण्याबाहेर डोंगर कोरून उभारलेल्या एखाद्या निवासी खासगी विद्यापीठाच्या कमानीपाशी जाते आणि चार वर्षे तिथेच राहते. यंदा माझ्या धाकट्या भावापुढे याच दोन वाटा होत्या. मी बँकेच्या कर्जविभागात असल्यामुळे भाचीच्या प्रवेशाचे सगळे कागद माझ्याच टेबलावर आले, आणि ते वाचताना ज्या सूचना सुचल्या त्या इतर पालकांच्या हितासाठी इथे देत आहे.

सर्वप्रथम, विद्यापीठाची निवड माहितीपुस्तिकेच्या कागदाच्या जाडीवरून करावी. तिच्यात जलतरण तलावाचे छायाचित्र असेल तर संगणकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक किती आहेत आणि त्यातले कायम किती, हा प्रश्न असंस्कृतपणाचा ठरतो.

वसतिगृह पाहायला गेलात तर जी खोली दाखवतील तीच पाहावी.

शहरातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये होणारे विनामूल्य मार्गदर्शन शिबिर चुकवू नये. तिथे लॅपटॉपची बॅग मिळते, जेवणात पनीर असते, आणि टाय लावलेला एक तरुण समुपदेशक आपल्या लेकीचे भवितव्य तिच्या शाळेतल्या बाईंपेक्षा अधिक खात्रीने सांगतो. त्याला आपल्या भागातले महाविद्यालय माहीत नसते, पण तिथे ‘एक्स्पोजर’ मिळत नाही हे मात्र पक्के ठाऊक असते. पुढे त्याचे रोज फोन येतात. पहिल्या आठवड्यात आपण ‘सर’ असतो, दुसऱ्या आठवड्यात ‘काका’ होतो, आणि मग एका संध्याकाळी काकांना कळते की पंचवीस टक्के शिष्यवृत्ती फक्त आज रात्री बारापर्यंत आहे. ती शिष्यवृत्ती दुसऱ्या दिवशी सकाळीही असते, असे माझे निरीक्षण आहे. पण तोपर्यंत काकांनी पैसे पाठवलेले असतात.

नोकऱ्यांची चौकशी करताना सर्वांत मोठ्या पॅकेजचाच आकडा विचारावा. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीच्या, संकेतस्थळावर अनेक संस्थांनी स्वतःच भरून दिलेली माहिती असते, तीत किती पदवीधरांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार, म्हणजे निम्म्या जणांना ज्याहून कमी मिळतो तो पगार, किती, हे लिहिलेले असते. ते अजिबात उघडू नये. फलकावरच्या चाळीस लाखांच्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवावा आणि झोपी जावे.

कर्जाबाबत एकच पथ्य आहे: हिशेब करू नये. तरीही कोणी केलाच तर तो असा होतो. शुल्क आणि वसतिगृह मिळून वर्षाला तीन लाख, म्हणजे चार वर्षांचे बारा लाख. साडेसात लाखांच्या वर गेल्यावर बँका साधारणपणे तारण मागतात, म्हणजे घर किंवा जमीन कागदावर येते. दर वर्षाच्या सुरुवातीला तीन लाख उचलले, व्याजाचा दर साडेदहा टक्के धरला आणि शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता भरला नाही, तर तेवढ्या काळात सरळव्याजानेच ४ लाख ४१ हजार रुपये साठतात. मग हप्ता सुरू होतो सुमारे २२ हजारांचा, आणि तो दहा वर्षे चालतो. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पालकांना हे सांगितले की ते म्हणतात, ‘मॅडम, नोकरी लागली की फेडेल ती.’ मुलगी शेजारीच बसलेली असते. तिला कोणी काही विचारत नाही.

सरकारी सवलतींची चौकशी हा तर कमीपणाच मानावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. हा लाभ कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्या मुलींसाठी असून त्या निर्णयातून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे वगळलेली होती. माझी भाची या निर्णयात बसते. एका वाटेवर तिचे शिक्षण शुल्क शून्य होते आणि दुसऱ्या वाटेवर घर गहाण. टाय लावलेल्या तरुणाने दोन तासांच्या भाषणात हे एकदाही सांगितले नाही, आणि हॉलमधल्या पालकांपैकी कोणी विचारलेही नाही, कारण पनीर आले होते.

आता जागा आरक्षित करण्याविषयी. पन्नास हजार रुपये ताबडतोब भरावेत, कारण ते ‘पूर्णपणे परत मिळणारे’ असतात. भावाने भरले. पुढे कॅपच्या दुसऱ्या फेरीत भाचीला अनुदानित महाविद्यालय मिळाले, तिने स्वतः ते निवडले, आणि आम्ही विद्यापीठाला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज पाठवला. तेव्हापासून तो समुपदेशक फोन उचलत नाही. कार्यालयाने एक नमुना पाठवला, त्यावर विद्यार्थिनी आणि पालक या दोघांनी समक्ष येऊन सही करायची. समक्ष गेल्यावर कळले की त्याला ‘नो ड्यूज’चा तक्ता जोडायचा असतो. त्या तक्त्यावर ग्रंथपालांची सही हवी, वसतिगृहाच्या रेक्टरांची हवी, प्रयोगशाळेची हवी आणि व्यायामशाळेचीसुद्धा हवी. जिने त्या ग्रंथालयाचे दार पाहिलेले नाही तिच्याकडे पुस्तक बाकी नाही, याचा दाखला ग्रंथपालांनी द्यायचा, आणि ग्रंथपाल रजेवर! रेक्टरबाई म्हणाल्या की खोलीच दिलेली नाही तर खोली सोडल्याची सही मी कशी करू. त्यांचे बरोबरच आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतलेला होता, तो मागितला तर म्हणाले, आधी तक्ता पूर्ण करा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायला मनाई केली आहे, आणि प्रवेशाच्या अखेरच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त पाच हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत द्यावे असे सांगितले आहे. मी ते परिपत्रक छापूनच नेले होते. खिडकीतल्या माणसाने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, ‘मॅडम, आमचं पोर्टल वेगळं आहे.’

नातेवाईकांचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यांना हप्ता भरायचा नसतो.

उपरोध मला आता पुढे रेटवत नाही. निवासी शिक्षण वाईट आहे असे मी म्हणत नाही. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असली तरी सकाळच्या गाडीत उभे राहून जाणे आणि अंधार पडल्यावर परतणे यात अभ्यासाचे दोन-तीन तास रोज जातात, आणि अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर काम भागवले जाते, हेही मला दिसते. पण या मातीत वसतिगृहे कशासाठी निघाली ते तरी आठवा. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छताखाली ठेवली, ती खेड्यातल्या गरिबाच्या पोराला शिकणे परवडावे म्हणून. आता, विद्यापीठवाल्यांनो, त्याच वसतिगृहाचे नाव सांगून गरिबाला घर गहाण ठेवायला लावता, आणि वर त्याला काका म्हणता?

आणि पालकांनो, तुम्हीही ऐका. तुम्ही भाजी घेताना चार गाड्यांवर भाव विचारता आणि बारा लाखांचा व्यवहार रात्री बाराच्या आत मोबाइलवर उरकता. मुलीला एकटीने रोज अप-डाऊन करू द्यायला घाबरता, म्हणून तिला कमानीच्या आत ठेवायला निघता आणि त्याला तिची हौस म्हणता. तिला विचारा. तिच्यासमोर हिशेब मांडा, एसटीच्या वेळा मांडा, दोन्हीकडे शिकवणाऱ्यांची नावे काढून आणा, आधीच्या वर्षीच्या मुलींशी तिला बोलू द्या. माझ्या भाचीने ही चौकशी स्वतः केली होती. फक्त तिच्या बापाने तिला विचारण्याआधी पैसे भरले होते.

विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला एवढेच सांगते की मुलगी तुमच्याकडे एक दिवसही शिकलेली नाही. ग्रंथपाल रजेवरून येवोत वा न येवोत, तिचा दाखला परत करा, आणि ज्या खात्यातून पन्नास हजार घेतलेत त्याच खात्यावर ते जमा करा.