‘प्लेट बदलूनही गाडी ओढतेच’ : गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या बाईकच्या क्लचबद्दलचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. “डुप्लिकेट क्लच प्लेट टाकून २,६०० रुपये घेतले. आठ दिवसांत द्वारका सर्कलला गाडी पुन्हा ओढायला लागली, सिग्नलवर न्यूट्रल लागत नाही.” यातला ‘डुप्लिकेट’ शब्द सोडून बाकी सगळं मान्य. प्लेट कंपनीच्याच होत्या, खोकं आणि पार्टचं बिल दुकानात आहे. चूक आमचीच, पण ती वेगळी आहे.

गाडी देताना तुम्ही “क्लच गेला” म्हणालात आणि आमच्या पोराने तेवढ्यावर फायबर प्लेट (घर्षणाने पकड देणाऱ्या) बदलून टाकल्या. क्लच घसरत असता, म्हणजे रेस वाढते पण गाडी उचलत नाही असं असतं, तर ते ठीक होतं. तुमच्या गाडीचं दुखणं बरोबर उलटं. लिव्हर पूर्ण दाबली तरी प्लेट एकमेकींपासून सुटत नाहीत, म्हणून क्लच दाबूनही गाडी पुढे ओढते. मधले आठ दिवस बरे गेले ते ताज्या ऑइलमुळे आणि ताणलेल्या केबलमुळे.

काल भंगाराच्या पोत्यातून तुमच्या जुन्या प्लेट शोधून काढल्या. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला, तर जाडी अजून मर्यादेत! पण प्लेटच्या कानांच्या कडा ठोकल्यासारख्या चपट्या झाल्यात. हे कान क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे प्लेट ज्यात बसतात त्या डब्याच्या, ज्या खाचांत सरकतात, तिथे पायऱ्या पडल्या असणार. लिव्हर दाबल्यावर प्लेटने सरकून मोकळं व्हायचं, तर ती पायरीत अडकून बसते. नवी टाका नाहीतर जुनी, फरक शून्य. अर्थात, कव्हर उघडल्याशिवाय छातीठोक सांगत नाही.

दुसरा संशय फायबर प्लेटच्या मधे बसणाऱ्या स्टील प्लेटवर. त्या आम्ही न तपासता तशाच परत बसवल्या, याची खरंच लाज वाटते. अंजनेरीकडच्या चढांवर हाफ क्लचवर (लिव्हर अर्धी दाबून) गाडी खेचता, हे तुम्ही बोलला होतात. त्या उष्णतेने स्टील प्लेटला बाक येतो. सपाट काचेवर ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा, पाच मिनिटांचं काम. ०.२-०.३ मिमीच्या वर गेज शिरला की प्लेट बाद.

आणि हो, मधे मित्राच्या सांगण्यावरून २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल टाकलं होतं का? जाड ऑइलने प्लेट जास्त चिकटतात, विशेषतः सकाळी थंड इंजिनला. हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं.

आता हिशोब. प्लेट बदलायची गरज नव्हती, म्हणून २,६०० पूर्ण परत. या वेळी लेबर, कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल आमच्याकडून. हाऊसिंगच्या पायऱ्या उथळ असतील तर कानस मारून सपाट करू. खोल असतील तर हाऊसिंग नवीन लागेल, त्याची छापील किंमत तेवढी तुमची. कव्हर तुमच्यासमोरच उघडू. लिव्हरही बघायची आहे, गाडी पडल्यावर वाकून हँडलच्या ग्रिपला आधीच टेकत असेल तर पूर्ण दाबलीच जात नाही. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) ठेवून देऊ.

टेम्पोत घालून मात्र आणू नका, चालवतच आणा. स्टँडवर मागचं चाक उचलून, गियर टाकून, क्लच दाबून बघायचं आहे. थंड इंजिनला चाक थोडं फिरतंच, गरम इंजिनला काय होतं ते पाहायचंय.