तेल्या-मरने बाग गेली तर पंचनामा का नाही?

तेल्या (फळावर तेलकट डाग पडतात) आणि मर (उभं झाड वाळतं) हे डाळिंबाचे दोन रोग. डाळिंबवाल्यांसाठी लिहितोय, पण संत्रा, केळी, मोसंबीवाल्यांनीही वाचा.

गारपीट झाली की तलाठी, कृषी सहायक बांधावर येतात, 33 टक्क्यांच्या वर नुकसान असलं की नाव यादीत जातं आणि उशिरा का होईना काहीतरी खात्यावर पडतं. तेल्याने अख्खा बहार गेला किंवा मरने झाडं उभी वाळली तर मात्र "रोग आहे, आपल्या निकषात बसत नाही" एवढंच ऐकायचं. 2017 ला बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा मदत जाहीर झालीच होती ना, मग डाळिंबालाच निकष कसे आडवे येतात?

विमा आहे म्हणतात. पण फळपीक विमा हवामानावर आहे, महसूल मंडळातल्या हवामान यंत्राने पाऊस, तापमान किती नोंदवलं त्यावर पैसे, तुमच्या झाडाला काय झालंय ते बघायला कुणी येत नाही. आणि तेल्याला काय लागतं, चार-आठ दिवस रिपरिप आणि ढगाळ हवा, बास. फळावर तेलकट डाग, मग ते काळे पडून फळ तडकतं आणि व्यापारी गेटातूनच माघारी जातो.

मर तर त्याहून वाईट. आमच्या चुलत्यांच्या बागेत आधी एकच फांदी पिवळी पडली, आम्हाला वाटलं पाणी कमी पडलं असेल, पण नंतर खोड उभं चिरलं तर आत करडे-काळपट पट्टे मुळापर्यंत गेलेले. तिथून ओळीतलं पुढचं झाड, मग त्याच्या पुढचं. बाग काढायची तर जेसीबी लावा, मुळं गोळा करून जाळा, आणि बँकेचे हप्ते चालूच. म्हणून लोक रोगट बाग तशीच सोडून देतात, मग मुळांतून, वाहत्या पाण्यातून, छाटणीच्या कात्रीतून रोग शेजारच्याच्या चांगल्या बागेत जातो. सांगोला काय, आटपाडी काय, सटाणा काय, सगळीकडे हीच रड.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, रोगट बाग काढायला सरकारने पैसे द्यावेत. 2006 ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या मारल्या आणि मालकांना भरपाई दिली, कारण रोग पुढे जाऊ द्यायचा नव्हता. लम्पीत जनावर मेलं तरी मदत मिळाली. मग बागेला का नाही? लागवडीला अनुदान आहे, 2018 पासून फळबाग लागवडीची फुंडकर योजना आहे, फक्त बाग मेल्यावर काहीच नाही.

केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये स्वच्छ रोपांसाठी 1,765 कोटींचा कार्यक्रम मंजूर केला, त्याचं मनापासून स्वागत, कारण रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमातूनही (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) तेल्या नव्या बागेत येतो. पण बांधापलीकडे रोगट बाग उभीच राहिली तर स्वच्छ रोप तरी किती दिवस स्वच्छ राहणार?

ज्यांच्या बागेत मर आहे त्यांनी बाग काढायच्या आधी खोड चिरून फोटो काढा, गट नंबर टाकून कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. नुसतं तोंडी सांगितलेलं कुठल्याच कागदावर येत नाही. गावातले सगळे अर्ज एकत्र करून ग्रामसभेचा ठराव जोडला तर आमदारांनाही अधिवेशनात मांडायला हातात काहीतरी राहील.