२८ पौंडांचा सल्ला कुणाच्या हातासाठी?

आपल्याकडच्या बॅडमिंटन ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. कॉलेजात खेळलेले, मग नोकरी-संसारात रॅकेट खुंटीला टांगलेले आणि आता पन्नाशीत हौशी लीगला नाव दिलेले जे काका लोक आहेत, त्यांच्यासाठी त्यात पाच सल्ले आहेत. जुनी रॅकेट टाका. हेड-हेवी (वजन डोक्याकडे झुकलेली), कडक शाफ्टची म्हणजे दांड्याची घ्या. गटिंग, म्हणजे तारांची विण, २८ पौंडांच्या ताणावर करा. शटल फेदरचंच, म्हणजे पिसांचंच वापरा, कुठलंही चालतं. बूट जॉगिंगचे असले तरी पुरे.

पहिला सल्ला अर्धा खरा. लाकडी किंवा लोखंडी दांड्याची असेल तर ती दिवाणखान्यात शोभेल. पण अखंड ग्राफाइटची असेल आणि फ्रेमला तडा नसेल, तर नवं गटिंग करून ती मजेत चालते.

हेड-हेवीमुळे स्मॅश जड बसतो, हे कबूल. पण कडक शाफ्ट वाकायला मनगटाचा वेग लागतो. तो नसेल तर ताकद खांद्यातून काढावी लागते आणि तिसऱ्या गेमला खांदा बोलायला लागतो. शिवाय २००६ पासून गुणांचा हिशोबच बदललाय. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, त्यामुळे सर्व्हिस चुकली तर फक्त सर्व्हिस जायची. आता २१ गुणांत प्रत्येक चूक समोरच्याच्या खात्यात. डबल्समध्ये रॅकेट पटकन वर येणं स्मॅशपेक्षा जास्त कामाचं. ४यू, म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम वजनाची, समतोल आणि लवचिक शाफ्टची, एवढं दुकानात सांगा.

आता २८ पौंड. ताण वाढला की शटलला उसळी कमी मिळते आणि रॅकेटच्या जाळीत फटका नीट बसण्याची जागा लहान होते. ज्यांचा फटका दरवेळी मधोमध बसतो त्यांना त्यातून नियंत्रण मिळतं; बाकीच्यांना कोपर दुखतं. खेळाकडे परतणाऱ्याला २१-२३ पौंड भरपूर. जुन्या फ्रेमवर बहुधा कमाल ताण छापलेला असतो, तो आधी वाचा. २० लिहिलेल्या फ्रेमवर २८ ओढले तर ती गटिंगवाल्याच्या मशीनवरच मोडायची. आणि मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत ठेवत असाल, तर गट सैल पडणारच. मग मोजून बसवलेला आकडा कागदावरच राहतो.

सगळ्यात चुकीचा सल्ला शटलचा आहे, आणि तो लिहिणारा मराठवाड्यात दोन ऋतू खेळलेला नसावा. गरम हवा विरळ असते, त्यामुळे शटल लांब जातं. परभणीत डिसेंबरच्या पहाटे पारा १० च्या खाली उतरतो आणि मेमध्ये ४२ ओलांडतो; दोन्ही वेळा एकच डबा कसा चालेल? डब्यावरचा ७६, ७७, ७८ हा आकडा वेगाचा, मोठा आकडा म्हणजे वेगवान. थंडीत ७८ ठीक असेल, तर उन्हाळ्यात ७७ किंवा ७६ कडे या. संभाजीनगर परभणीपेक्षा उंचावर, तिथे आणखी जपून. शंका असेल तर नियमातलीच चाचणी करा: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर मारा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. आपल्या कोरड्या हवेत पिसं लवकर तुटतात, म्हणून डब्याला आदल्या रात्री थोडी वाफ देणारे मुरलेले खेळाडू तुम्हाला भेटतील. रोजच्या सरावाला नायलॉनमध्ये काहीच कमीपणा नाही. टोपीवरची पट्टी बघून घ्या: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. लीगमध्ये फेदर असेल तर आधीचे आठ-दहा दिवस फेदरवर खेळा, कारण दोघांची पडण्याची तऱ्हा वेगळी.

राहिले बूट. पाचांपैकी पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर मी आधी इथेच घालायला सांगेन. जॉगिंगच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, सरळ धावण्यासाठी बनवलेली. बॅडमिंटनमध्ये पाय आडवा पडतो आणि घोटा मुरगळतो. मध्यम वयात, विशेषतः खंडानंतर खेळताना, टाचेमागचा स्नायुबंध तुटण्याची दुखापतही या खेळात ओळखीची आहे, आणि तिथे नुसते बूटही पुरत नाहीत. पोटऱ्या गरम करूनच कोर्टात उतरा. सपाट गम सोलचे बूट येईपर्यंत डबल्सच खेळा, आणि मागचं कोर्ट जोडीदाराला देऊन टाका.